सेतू नव्हे, साकव

गोंदिया जिल्ह्यात तालुक्याच्या अर्जुनी दोन. एकीच्या नावाला मोरगावची सोबत, तर दुसरीच्या नावाला सडकेची. पूर्वी 6 क्रमांकाचा आणि आता 53 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग तिथून जातो. गावाची ओळखच सडकेने करून द्यावी, हे आम्हांस सूचक वाटते. त्याच तालुक्यातून वाहत चुलबंद पुढे वैनगंगेस मिळते. सडक ती कशी ओलांडते, हे नकाशा सांगतो; पायवाटेने जाणारा कोठून उतरतो, हे तो सांगत नाही.

भाषेने मात्र या पादचाऱ्याची नोंद ठेवली आहे. पूल फारसीतून आला, सेतू संस्कृतातून जसाच्या तसा. साकवाचे मूळ संस्कृत 'संक्रम'. ग्रामाचा गाव झाला, तसा संक्रमाचा सांकव, साकव. बंगालीतला 'साँको' त्याचाच भाऊबंद. संस्कृतचा हा शब्द लोकांच्या तोंडी झिजत आला, म्हणूनच तो पायाखालचा वाटतो. कोकणातल्या सरकारी कागदांतही तो अजून टिकून आहे.

आमच्या समीक्षेला मात्र सेतूचाच सोस. अनुवाद म्हणजे दोन भाषांमधला सेतू, हे वाक्य किती प्रस्तावनांत वाचले, याची गणती नाही. सेतू म्हटला की तो एकदाच बांधायचा आणि उद्‌घाटन करून मोकळे व्हायचे. लाकडा-बांबूचा साकव पुरात वाहून जातो; पाणी ओसरले की गावकरी तो पुन्हा घालतात. अनुवादाचेही असेच आहे. एका पिढीची भाषा जुनी होते आणि तीच कृती पुन्हा मराठीत आणावी लागते. तेव्हा आमच्यापाशी ना नवी आवृत्ती असते, ना नवा अनुवादक.

देखभाल ही दुय्यम बाब नव्हे. 15 जून 2025 रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चौघांचा जीव गेला. त्या मृत्यूंचे रूपक करण्याचा आमचा अधिकार नाही. एवढेच म्हणतो, की बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर राहते, तपासणाऱ्याचे कोठेही नाही. साहित्यातही संपादक, कोशकार आणि पुनर्मुद्रण करणारे यांची गत निराळी नाही.

अनुवादाच्या तासाला विद्यार्थ्यांपुढे सेतूऐवजी साकव हा शब्द ठेवून पाहावा, अशी आमची सूचना आहे. मग 'हा कोणी बांधला?' या प्रश्नापाठोपाठ 'यंदा कोण घालणार?' हा प्रश्नही वर्गात येईल.