अमेरिकन फुटबॉलपटूने युरोपात आधी कुठे जावे?

एखादा अमेरिकन खेळाडू युरोपात जाणार अशी कुणकुण लागली की चर्चा दोन गोष्टींभोवती फिरते: क्लबचे नाव आणि मोजली जाणारी रक्कम. खेळाडूचे पुढे काय होणार हे मात्र तिसऱ्याच गोष्टीवर ठरते. नव्या संघात त्याला दर आठवड्याला मैदानात उतरायला मिळणार की नाही? गेल्या वीसेक वर्षांतली उदाहरणे पाहिली, तर मेजर लीग सॉकरमधून (एमएलएस) थेट इंग्लंड, स्पेन किंवा जर्मनीच्या मोठ्या लीगमध्ये उडी घेण्यापेक्षा नेदरलँड्स, बेल्जियम किंवा ऑस्ट्रियात एक-दोन मोसम काढणे तरुण खेळाडूंना अधिक मानवलेले दिसते. आघाडीवीरांना तर विशेषच.

जोझी आल्टिडोरची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. 2008 मध्ये न्यू यॉर्क रेड बुल्सकडून तो स्पेनच्या व्हियारेआलकडे गेला, सुमारे एक कोटी डॉलरना. वय अठरा. एमएलएसमधल्या अमेरिकन खेळाडूसाठी तोवर कोणी एवढे पैसे मोजले नव्हते. स्पेनच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये गोल करणारा पहिला अमेरिकन हा मानही त्याला मिळाला, पण त्या लीगमधला त्याचा तो एकुलता एक गोल ठरला. मग लोनवर इंग्लंडचा हल सिटी, पुन्हा लोनवर तुर्कस्तानचा बुर्सास्पोर. 2011 मध्ये तो नेदरलँड्सच्या एझेड अल्कमारकडे गेला आणि 2012-13 च्या मोसमात सर्व स्पर्धा मिळून त्याने 31 गोल केले. या आकड्यावर भाळून इंग्लंडच्या संडरलँडने त्याला घेतले. तिथे दीड मोसमात प्रीमियर लीगमधला त्याचा गोल पुन्हा एकच. 2015 च्या जानेवारीत तो टोरांटोला, म्हणजे एमएलएसमध्येच परतला. खेळाडू तोच होता. अल्कमारचा संघ आक्रमक खेळायचा आणि चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचायचा. संडरलँड मात्र गुणतक्त्याच्या तळाशी जीव वाचवत खेळत होता.

तेरा-चौदा वर्षांनी हीच कहाणी जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा घडली. 2022 च्या जानेवारीत रिकार्डो पेपी एफसी डॅलसकडून जर्मनीच्या आउग्सबुर्गकडे गेला. रक्कम दोन कोटी डॉलरच्या घरात होती. आउग्सबुर्गसारख्या छोट्या क्लबसाठी हा मोठा जुगार, आणि तोही खालच्या श्रेणीत घसरण्याची टांगती तलवार डोक्यावर असताना. एकोणीस वर्षांच्या मुलाने येऊन संघ तारावा ही अपेक्षाच अवाजवी होती. जर्मन लीगमध्ये त्या क्लबसाठी त्याला एकही गोल करता आला नाही. पुढच्याच मोसमात त्याला लोनवर नेदरलँड्सच्या ग्रोनिंगनला धाडले गेले. तो संघ शेवटी खालच्या श्रेणीत गेला, तरी पेपीने लीगमध्ये 12 गोल केले. 2023 मध्ये आइंटहोव्हनच्या पीएसव्हीने त्याला विकत घेतले.

याला अपवाद आहेत. क्लिंट डेम्प्सी 2007 च्या जानेवारीत न्यू इंग्लंड रेव्होल्यूशनमधून थेट प्रीमियर लीगच्या फुलममध्ये गेला आणि 2011-12 मध्ये त्याने त्या लीगमध्ये 17 गोल केले. मात्र तो गेला तेव्हा तेवीस वर्षांचा होता, एमएलएसचे तीन पूर्ण मोसम त्याच्या पाठीशी होते आणि फुलम हा काही मँचेस्टर युनायटेड नव्हता. उलट बाजूने पाहिले तर मधल्या लीगचा रस्ताही हमखास यशाचा नाही. फिलाडेल्फियाचा ब्रेंडन आरनसन 2021 मध्ये साल्झबर्गला गेला, तिथे लीग विजेतेपदे आणि चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीचा अनुभव घेऊन 2022 मध्ये लीड्सकडे आला. त्याच मोसमाअखेर लीड्स प्रीमियर लीगमधून खाली घसरला. तरीही युरोपात ओळख निर्माण झाल्यामुळे त्याला जर्मनीत युनियन बर्लिनकडे लोनवर खेळता आले.

या मांडणीवर सर्वांत मोठा आक्षेप ख्रिश्चन पुलिसिकच्या नावाने घेतला जाईल. तो एमएलएसमध्ये कधी खेळलाच नाही. सोळाव्या वर्षी थेट बोरुसिया डॉर्टमुंड, 2019 मध्ये सुमारे 6 कोटी 40 लाख युरोंना चेल्सी, 2021 मध्ये चॅम्पियन्स लीगचे विजेतेपद. पण हा मार्ग सगळ्यांना खुला नाही. फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालील खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे सहसा जाता येत नाही. युरोपीय संघाच्या अंतर्गत मात्र सोळाव्या वर्षापासून मुभा आहे. पुलिसिककडे आजोबांमुळे क्रोएशियाचा पासपोर्ट होता. जिओ रेना पोर्तुगीज पासपोर्टवर सोळाव्या वर्षी डॉर्टमुंडला पोहोचला. (1961 पूर्वीच्या गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांपैकी अनेकांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे, अमेरिकेत वाढणाऱ्या एखाद्या गोवेकर मुलाला हीच वाट मोकळी असू शकते.) अशी मुले मोठ्या क्लबच्या युवा संघात वाढतात, तिथल्या शिस्तीत मुरतात आणि मग मुख्य संघात येतात. तयार खेळाडू म्हणून कोट्यवधींना विकत घेतलेल्या मुलाला एवढी उसंत कोणी देत नाही.

ब्रेक्झिटनंतर इंग्लंडने तर हे दार पूर्ण बंद केले आहे. परदेशी खेळाडू अठराच्या आत घेताच येत नाही, नंतरही गुणांची परीक्षा असते. राष्ट्रीय संघातून पुरेसे सामने खेळलेल्याला आपोआप परवानगी मिळते. इतरांना लीगचा दर्जा, खेळलेली मिनिटे वगैरेंवरून सहसा 15 गुण जमवावे लागतात. म्हणूनच फिलाडेल्फिया युनियनच्या कॅव्हन सलिव्हनच्या 2024 च्या करारात मँचेस्टर सिटीकडे जाणे अठरा वर्षे पूर्ण झाल्यानंतरचे ठरले. एमएलएसच्या सामन्यात उतरणारा तो सर्वांत लहान खेळाडू. चौदाव्या वर्षी त्याने पदार्पण केले आणि फ्रेडी अडूचा विक्रम मोडला. अडूचे नाव इथे मुद्दाम आठवावे. 2007 मध्ये बेनफिकाने त्याला नेले आणि पुढची काही वर्षे तो मोनॅको, बेलेनेन्सेस, आरिस, रिझेस्पोर असा लोनवर फिरत राहिला.

स्पेनमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंसाठी संघात फक्त तीन जागा असतात, इटलीत परदेशातून आणायच्या अशा खेळाडूंवर मोसमागणिक मर्यादा आहे. जर्मनीत अशी मर्यादा नाही, आणि अमेरिकन खेळाडूंची तिथे एवढी गर्दी का, याचे मोठे कारण हेच आहे. नेदरलँड्समध्ये अट पगाराची असते: बाहेरच्या खेळाडूला ठरावीक किमान वेतन द्यावेच लागते, त्यामुळे क्लब त्याला शोभेसाठी घेत नाही, खेळवण्यासाठीच घेतो.

विकणाऱ्याची बाजूही समजून घ्यायला हवी. एमएलएसमध्ये खेळाडूचा करार क्लबशी नसून लीगशी असतो, त्यामुळे विक्रीला लीगचा होकार लागतो. शिवाय तिथला मोसम फेब्रुवारी ते डिसेंबर, युरोपचा ऑगस्ट ते मे. जानेवारीत विकलेला खेळाडू थकलेल्या पायांनी, पूर्वतयारीविना, रंगात आलेल्या मोसमात जाऊन पडतो. पेपीचे नेमके हेच झाले. 2027 च्या उन्हाळ्यापासून एमएलएस आपले वेळापत्रक युरोपशी जुळवणार आहे, तेव्हा ही अडचण बरीच कमी होईल.

पैशाचा एक छोटा वाटा खाली झिरपायला हवा असतो. आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरच्या रकमेतील 5 टक्के रक्कम खेळाडूला बारा ते तेवीस वर्षांच्या काळात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटावी, असा फिफाचा नियम आहे. अमेरिकेत तो वर्षानुवर्षे कागदावरच राहिला. आपला वाटा मागायचा हे एमएलएसने 2019 मध्ये ठरवले. डॅलसच्या अकादमीत तयार झालेला वेस्टन मॅकेनी 2016 मध्ये शाल्केकडे गेला तेव्हा डॅलसला ट्रान्सफरची रक्कम मिळाली नव्हती. वस्तीतल्या छोट्या क्लबांना हा वाटा नीट मिळू लागला, तर मुलांच्या सॉकरसाठी दरवर्षी हजारो डॉलर भरणाऱ्या पालकांवरचा भार हलका व्हायला वाव आहे. त्यात मराठी पालकही थोडे नाहीत.

महिला फुटबॉलचे गणित वेगळे आहे. तिथे अमेरिकन लीग स्वतःच जगातल्या अव्वल लीगपैकी एक असल्याने मधल्या पायरीची गरज पडत नाही. सॅन डिएगो वेव्हची नेओमी गिर्मा 2025 च्या जानेवारीत सुमारे 11 लाख डॉलरना थेट चेल्सीकडे गेली. दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडणारी ती पहिली महिला खेळाडू.

पुरुषांच्या बाबतीत मात्र ट्रान्सफरची बातमी आली की आधी त्या क्लबची यादी पाहावी: त्याच जागेवर खेळणारे आणखी किती जण आहेत, प्रशिक्षक मोसमाअखेर टिकेल का, संघ खालच्या श्रेणीत घसरण्याच्या बेतात आहे का. अठरा-एकोणीस वर्षांच्या, युरोपीय पासपोर्ट नसलेल्या अमेरिकन आघाडीवीरासाठी आइंटहोव्हन, अल्कमार किंवा साल्झबर्ग हा पहिला मुक्काम आजही लंडनपेक्षा चांगला आहे, मग लंडनचा क्लब दुप्पट रक्कम देऊ करत असला तरी.