पाना सगळ्यांच्याच हाती हवा

जुनी दुचाकी किक मारूनही सुरू होत नसेल, तर जाणता मेकॅनिक आधी प्लग काढून त्याचे टोक बघतो. त्यावर कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात असावे. टोक तेलकट असेल तर रिंगा झिजून ऑइल वर येत असावे. फिकट तपकिरी असेल तर दोष दुसरीकडे शोधायचा. लक्षण बघायचे, कारणाचा अंदाज बांधायचा आणि तो पडताळायचा, हीच तर विज्ञानाची रीत. तरीही आपली शाळा या कामाला बुद्धीच्या खात्यातून वगळते आणि ‘अभ्यासात गती नसलेल्यांना’ आयटीआयची वाट दाखवते. ही वाटणी मुळातच चुकीची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर घडवला. तेही लोखंडाने जमीन नासते असे शेतकरी मानत, त्या काळात. यंत्र खोलून जोडणाऱ्या हातांनाच नवे यंत्र सुचते. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 पासून हेच धरून ठेवले: शाळा सुटलेली मुले वेल्डिंग, बांधकाम, शेती करता करता गणित आणि विज्ञान शिकू लागली.

आता गाड्यांत सेन्सर आले, मग पाना कशाला, असे विचारले जाते. सेन्सर दोषाचा कोड देतो; तुटलेली वायर की गंजलेला जोड, हे माणसालाच शोधावे लागते. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. हातकाम आपल्याकडे जातीला जखडलेले होते, त्यामुळे शाळेत कौशल्य शिकवणे म्हणजे बहुजनांच्या मुलांना पुन्हा बापाच्या धंद्याला जुंपणे, ही भीती अनुभवातून आलेली आहे. म्हणूनच हा विषय ऐच्छिक नको. डॉक्टरच्या मुलीनेही कानस चालवावी, नळाचा वॉशर बदलावा, सायकलची चेन बसवावी. पुढे तिला तो छंद म्हणून जपता येईल, तर दुसऱ्या कुणाला त्यातून रोजगार मिळेल. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची सोय आहे. पण आटे न घालवता नट आवळण्याइतका हात बसायलाही दहा दिवस अपुरे पडतात. आठवड्याला दोन तास वर्कशॉप, आणि दहावीच्या विज्ञानाच्या प्रात्यक्षिकात बिघडलेली एक वस्तू दुरुस्त करण्याला गुण, एवढे तरी राज्य मंडळाने सुरू करावे.