किडनी, ग्रहण आणि सुनेची चूक

बाळाच्या किडनीत जन्मजात दोष निघाला की पहिली झडती सुनेची होते. ग्रहणात विळीला हात लावलास का? ज्या केडगावात पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभं केलं आणि १९२२ साली तिथेच देह ठेवला, त्या गावच्या पंचक्रोशीतही हा प्रश्न ऐकायला मिळावा, याचा मला राग येतो.

साधा हिशेब करू. २५ ऑक्टोबर २०२२ला, ऐन दिवाळीत, खंडग्रास सूर्यग्रहण होतं. तेव्हा कुणी सातव्या-आठव्या महिन्यात असेल, तर तिच्या बाळाची किडनी घडायला लागली ती उन्हाळ्यात, पाचव्या आठवड्याच्या सुमारास. मूत्रवाहिनीचा कोंब शेजारच्या पेशींत शिरून फांद्या फोडतो, तेव्हा किडनी आकाराला येते. कोंब फुटलाच नाही तर त्या बाजूला किडनीच नाही. दोन्हींची खालची टोकं जुळली तर ती घोड्याच्या नालेसारखी होते. उन्हाळ्यात बिनसलेलं दिवाळीच्या ग्रहणावर कसं ढकलणार?

‘मग डॉक्टरांना तरी कारण कुठे सांगता येतं?’ बहुतेकदा नाही, हे कबूल. कधी जनुकातला बदल सापडतो, तो बापाकडूनही आलेला असतो. आईचा आधीपासूनचा मधुमेह किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्याही कारण ठरतात. पण चोर सापडला नाही म्हणून घरच्या सुनेलाच बेड्या?

‘पोटातलं पाणी कमी’ म्हटल्यावर नारळपाण्याचा मारा सुरू होतो. चौथ्या महिन्यानंतर ते पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीचंच असतं. दोन्ही किडन्याच नसतील तर शहाळी काय करणार? अशा बाळाची फुप्फुसंही वाढत नाहीत. उलट एकच किडनी असलेली कित्येक माणसं आयुष्यभर धडधाकट राहतात. रक्तदाब आणि लघवी तपासत राहिलं म्हणजे झालं.

म्हणून १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नये. मुलगा की मुलगी हे विचारायला बंदी आहे, दोन्ही किडन्या दिसल्या का हे विचारायला नाही. जन्मानंतर मुलांमधले दोष तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरला सुरू झाला. त्याच्या मूळ यादीत दुभंगलेला ओठ आहे, वाकडं पाऊल आहे, किडनी नाही. ती घालायला हवी. तोवर दुपटं बदलणाऱ्या आजीची नजर कामी येईल. मुलाची लघवी धारेने न होता थेंबथेंब गळत असेल, तर मूत्रमार्गात जन्मजात पडदा असू शकतो. तो दुर्बिणीतून काढता येतो. उशीर झाला तर तुंबलेली लघवी दोन्ही किडन्या खाते. अशा वेळी दृष्ट काढत बसू नये, पुण्याची गाडी धरावी.