वाचणाऱ्याची वाट अडवू नका

तंजावूरच्या राजवाडा परिसरात दरबार हॉल, चोळकालीन कांस्यमूर्तींचे दालन आणि सरस्वती महाल ग्रंथालय हाकेच्या अंतरावर आहेत. ग्रंथालयाला आजचे मोठेपण आले ते दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द 1798 ते 1832) यांच्यामुळे. काशीयात्रेच्या निमित्ताने त्यांनी पंडित कामाला लावले, ग्रंथ विकत घेतले आणि नकलूनही घेतले. नकलेचा मोठा गुण असा, की मूळ पोथी मालकाकडेच राहते आणि ती वाचणाऱ्याचे काम खोळंबत नाही. राजवाडा पाहायला आलेल्या पर्यटकाच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये हीच रीत रात्रंदिवस चालू असते. अँड्रॉइडचा पाया म्हणजे लिनक्स कर्नल, आणि त्या कर्नलच्या नेटवर्क विभागाला वेग आला त्यात या युक्तीचा वाटा फार मोठा आहे.

कर्नलमध्ये काही कोष्टके सगळ्यांच्या सामायिक वापरातली असतात. कोणते पॅकेट कोणत्या मार्गाने पाठवायचे, कोणती जोडणी कोणत्या प्रोग्रामची, हे तिथे पाहावे लागते. प्रोसेसर एकच असेल तर फारशी अडचण येत नाही. चार असतील आणि एक जण नोंद बदलत असतानाच दुसऱ्याने ती वाचली, तर अर्धवट लिहिलेला पत्ता हाती येतो आणि यंत्र कोसळते. त्यावरचा पहिला उपाय म्हणजे लॉक: एक आत, बाकीचे बाहेर. जून 1996 मध्ये आलेल्या लिनक्स 2.0 ने एकाहून जास्त प्रोसेसर सांभाळायला सुरुवात केली, तेव्हा जवळजवळ सगळ्या कर्नलला मिळून एकच मोठे लॉक होते. सुरुवात म्हणून ते योग्यच होते. चूक होण्याची शक्यता त्यात सर्वांत कमी.

त्याची किंमत 1999 मध्ये चव्हाट्यावर आली. माइंडक्राफ्ट या कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या पैशाने एक चाचणी केली. चार प्रोसेसर आणि चार नेटवर्क कार्डे असलेल्या सर्व्हरवर विंडोज एनटीने लिनक्सला वेब सर्व्हर म्हणून 3.7 पटींनी मागे टाकले. चाचणी पक्षपाती असल्याची ओरड झाली आणि तिच्यात तथ्यही होते. पण फेरचाचणीतही लिनक्स मागेच राहिले. 2.2 आवृत्तीत नेटवर्कच्या कामावर एका वेळी एकाच प्रोसेसरचा ताबा असे आणि उरलेले तीन ताटकळत उभे राहत. ॲलेक्सी कुझनेत्सोव, डेव्हिड मिलर आणि त्यांच्या साथीदारांनी तो विभाग नव्याने बांधायला घेतला. जानेवारी 2001 च्या 2.4 आवृत्तीत एका मोठ्या लॉकच्या जागी अनेक छोटी लॉक आली होती.

इथवर कुणालाही पटेल. पुढची अडचण कमी लोकांच्या लक्षात येते. नुसते वाचायचे असले तरी लॉक घ्यावे लागे. अनेक वाचकांना एकत्र आत सोडणारे लॉकही होते, पण आत किती जण आहेत हा आकडा प्रत्येकाला एकाच जागी लिहावा लागायचा. स्मृतीतली ती एक जागा या प्रोसेसरकडून त्या प्रोसेसरकडे फिरत राहते. त्यामुळे वाचायला लागणाऱ्या वेळापेक्षा वाचनाची परवानगी मिळवण्यातच जास्त वेळ जातो.

यावरचा तोडगा म्हणजे आरसीयू, सिक्वेंट कंपनीत पॉल मॅकेनी आणि जॉन स्लिंगवाइन यांनी घडवलेली पद्धत. वाचणारा लॉक घेतच नाही. बदल करणारा नोंदीची नक्कल काढतो, नकलेत दुरुस्ती करतो आणि शेवटी एका फटक्यात निर्देशक नव्या प्रतीकडे वळवतो. जुनी प्रत मात्र लगेच फाडत नाही, कारण ती अजून कुणाच्या हातात असू शकते. मग तो हात मोकळा झाला हे कळायचे कसे? आरसीयूच्या मूळ रूपात याचे उत्तर फार देखणे आहे. असे वाचन चालू असताना प्रोसेसर दुसऱ्या कामाकडे वळत नाही. तेव्हा प्रत्येक प्रोसेसरने एकदा काम बदलले, की जुना वाचक उरलेलाच नाही हे सिद्ध होते. हजेरी घ्यायची गरजच राहत नाही.

ही पद्धत लिनक्समध्ये आणण्यात बंगळूरचा हात होता, आणि आपल्याकडे हे पुरेसे सांगितले जात नाही. आयबीएमच्या तिथल्या लिनक्स केंद्रातले दीपंकर सर्मा यांनी आरसीयूचा गाभा लिनक्ससाठी तयार केला. ऑक्टोबर 2002 मध्ये 2.5.43 आवृत्तीत तो दाखल झाला. नेटवर्कच्या मार्गांचा साठा लॉकशिवाय वाचता यावा यासाठीही त्यांनी काम केले. त्यांचे सहकारी मनीष सोनी यांनी तीच रीत फाइलनावांच्या साठ्याला लावली.

पुढे याच दिशेने एकेक गाठ सुटत गेली. 2011 मध्ये 2.6.39 आवृत्तीत ते जुने मोठे लॉक कायमचे गेले. जानेवारी 2016 च्या 4.4 आवृत्तीत एरिक ड्युमाझे यांनी टीसीपीची नवी जोडणी स्वीकारण्याच्या वाटेवरचे लॉक हटवले.

एक लॉक मात्र अजून ठाण मांडून आहे: आरटीएनएल. नेटवर्क कार्ड जोडणे, पत्ता देणे, मार्ग बदलणे या मांडणीच्या कामांवर त्याचा पहारा असतो. ही कामे पूर्वी क्वचित होत, म्हणून एक लॉक चालून गेले. आता एकेका सर्व्हरवर कंटेनर हजारोंनी जन्मतात आणि मरतात, प्रत्येकाचे नेटवर्क वेगळे, आणि सगळे त्या एकाच दारापाशी थांबतात. कुनियुकी इवाशिमा यांनी प्रत्येक नेटवर्कला स्वतंत्र लॉक देण्याचे काम घेतले, त्याची सुरुवात 6.13 आवृत्तीत झाली. त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. जुने लॉक त्यांनी उपटले नाही. कर्नलच्या बांधणीत एक चाचणीचा पर्याय ठेवला. तो चालू केला की आधी जुने लॉक घेतले जाते आणि त्याच्या छत्राखाली नवे छोटेही. त्यामुळे काही बिघडत नाही, पण लॉकचा क्रम कुठे चुकतो हे लॉकडेप हे तपासणीचे साधन दाखवून देते. एका जोडणीची दोन टोके दोन वेगळ्या नेटवर्कांत असतील तर दोन्ही लॉक कायम ठरलेल्या क्रमानेच घ्यावी लागतात. नाहीतर दोघे एकमेकांची वाट पाहत गोठून जातात. अशा रीतीने एकेक फंक्शन तपासून नव्या लॉकवर आणले जाते.

हे काम दिसत नाही, म्हणून त्याला मानही मिळत नाही. आपल्या अभियांत्रिकी वर्गांत ‘जेवणाऱ्या तत्त्वज्ञां’च्या कोड्यावरून लॉक लावायला शिकवतात. चालत्या यंत्रातले लॉक सुखरूप कसे काढायचे, हे क्वचितच कुणी शिकवते. तंजावूर असो वा पुणे, अंतिम वर्षाच्या प्रकल्पांत अशा दुरुस्तीला जागा असायलाच हवी. कर्नल खुला आहे, लॉकडेप फुकट आहे, साधा लॅपटॉप पुरतो. आरटीएनएलखालचे एखादे फंक्शन घेऊन ते कोणकोणत्या कोष्टकांना हात लावते हे शोधणाऱ्या विद्यार्थ्याला एक सत्र द्या, आणि त्या कामाचे गुण नवे ॲप बनवणाऱ्याइतकेच द्या.