भरीत, शेवभाजी आणि न आलेली बाटली

नाशिकचा कॉलेजमित्र सहकुटुंब आमच्याकडे कामरेजला जेवायला येणार होता. आदल्या रात्री त्याचा फोन आला. "येताना पांढरी वाइन आणतो. बेत काय आहे ते सांग, म्हणजे तशी निवडतो."

बेत खानदेशी होता: वांग्याचं भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकरी. तो लगेच म्हणाला, "भरताला सोव्हिन्यों ब्लां. ती कोरडी, आंबटसर असते आणि तिला हिरव्या मिरचीसारखा वास असतो. शेवभाजीला मात्र जराशी गोडसर शेनिन ब्लां." कारणही पटण्यासारखं होतं. तोंडातली जी जाणीव उष्णता ओळखते, तिलाच तिखट आणि मद्यार्क दोन्ही डिवचतात. त्यामुळे कडक वाइनबरोबर तिखट जास्तच झोंबतं. गोडवा ते शांत करतो, आंबटपणा तर्रीचं तेल कापतो.

फोन ठेवला तशी बायको म्हणाली, "अरे, पण सापुताऱ्याला गाडी तपासली तर?"

उत्साहाच्या भरात मी राज्यच विसरलो होतो! 1960 साली गुजरात वेगळं झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे. मूळ कायदा जुन्या मुंबई राज्याचा, 1949 चा. 2023 च्या डिसेंबरात गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत थोडी सूट मिळाली, पण कामरेज काही गिफ्ट सिटी नाही. बाहेरगावच्या पाहुण्याला तात्पुरता परवाना मिळू शकतो, पण तो त्याच्यापुरता. यजमानाला त्याचा उपयोग नाही.

मी परत फोन केला. तो हसला, "एका बाटलीनं काय होतं? घरात कोण बघतंय?"

"गाडी तू चालवणार, मागे मुलं बसणार. जेवायला बोलावून तुला गुन्ह्यात अडकवू का?"

तो क्षणभर गप्प झाला. आपण पाहुणचारात कमी पडतोय, असं मलाही वाटलं. पण मंडळी, 'कोण बघतंय' याचं उत्तर आपल्याच घरात असतं. मुलं बघत असतात.

आता बाटलीच्या जागी काय? विचार केला, पांढरी वाइन जेवणात नेमकं करते काय? आंबटपणा, थोडा गोडवा आणि गारवा देते. द्राक्षातलं मुख्य आम्ल टार्टारिक, आणि आपल्या चिंचेतही तेच असतं! मग उत्तर डब्यातच होतं.

सहा जणांसाठी 50 ग्रॅम चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळ गाळून घेतला आणि एक लिटर पाण्यात मिसळला. सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली. मग दोन भाग केले. भरताबरोबरच्या भागात गूळ अगदी नावाला, शेवभाजीबरोबरच्या भागात चांगला मूठभर. दोन्ही जग रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले. पेल्यात बर्फ टाकायचा नाही, पाणी होऊन चव पातळ होते. वाइनलाही हाच नियम.

जेवताना मित्रानं सवयीनं पेला गोल फिरवून वास घेतला आणि सगळे हसले. शेवभाजीच्या तिसऱ्या घासाला घाम आला, तेव्हा त्यानं गोड जग स्वतःकडे ओढला. त्याची लेक आणि माझी आई एकाच जगातून पीत होत्या. बाटली आली असती तर ताटाभोवती दोन पंगती झाल्या असत्या, पिणाऱ्यांची आणि न पिणाऱ्यांची.

निघताना तो म्हणाला, "आता तुम्ही नाशिकला या. सोव्हिन्यों ब्लां तिथे उघडू."

नक्की जाणार आहोत. परतीला गाडी कोण चालवणार, तेही ठरलंय: बायको. भरीत आम्ही इथून नेऊ. ते सापुताऱ्याला कुणी अडवत नाही!