लातूर पॅटर्न, कुरुंदकर आणि आपण

लातूर-नांदेडकडे 'नंबर लागला का?' असे कोणी विचारले, तर कशाला, हे सांगावे लागत नाही. नंबर म्हणजे एमबीबीएसचा. नीटचा निकाल लागला की लग्नाच्या मांडवात, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर हाच प्रश्न ऐकू येतो. 'नाही' असे उत्तर देणाऱ्या मुलाला पुढचा प्रश्न येतो, 'मग रिपीट करतोस का?' तिसरा प्रश्न सहसा येत नाही. या न येणाऱ्या तिसऱ्या प्रश्नाविषयी आम्हांला काही म्हणायचे आहे, आणि त्यातले बरेचसे आम्हां मराठीच्या शिक्षकांविरुद्धच आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लातूर पॅटर्नला 'घोकंपट्टीचा कारखाना' म्हणून हिणवणे ही चर्चासत्रांतील एक सोयीची करमणूक झाली आहे. या करमणुकीत आम्ही सामील नाही. निजामी राजवटीत मराठवाड्यातील मुलांच्या उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि वाट हैदराबादची. 17 सप्टेंबर 1948 ला हा प्रदेश मुक्त झाला. नांदेडला पीपल्स कॉलेज 1950 साली निघाले. औरंगाबादला विद्यापीठ यायला 1958 साल उजाडले. पुण्या-मुंबईची महाविद्यालये तोवर शतक ओलांडून आलेली होती. अशा प्रदेशातील राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या मुलांची नावे बोर्डाच्या गुणवत्ता यादीत दिसू लागली, तेव्हा एक जुना अपमान धुऊन निघाला. अभ्यासक्रम वेळेआधी संपवणे, सुट्टीतही तास घेणे, सराव परीक्षांमागून सराव परीक्षा घेऊन मुलाची चूक त्याला दाखवून देणे, हे त्यामागचे साधे गुपित. त्यात शिक्षकांचे कष्ट होते. मुखेड-देगलूर किंवा अहमदपूर-निलंग्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीला त्या कष्टांतून वाट सापडली असेल, तर तिच्यापुढे अभिरुचीचे प्रवचन करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. या पॅटर्नच्या उभारणीत ज्यांचे नाव घेतले जाते, ते जनार्दन वाघमारे हे साहित्याचे माणूस. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची आणि संस्कृतीची ओळख मराठी वाचकाला करून देणाऱ्यांत ते अग्रणी होते. शाहू महाविद्यालयाचे ते संस्थापक प्राचार्य आणि 1994 साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. म्हणजे परीक्षेतील यश आणि साहित्य यांचे जन्मजात वैर असल्याचा जो समज आम्ही जोपासला आहे, त्याला लातूरचाच इतिहास साक्ष देत नाही.

मग बिघडले कोठे? आमच्या मते, शिकवणे महाविद्यालयातून उठून बाहेर गेले तेथे. आज लातूरला 'ट्यूशन एरिया' हे एका वस्तीचे नाव झाले आहे. मुलाचे नाव एका महाविद्यालयाच्या पटावर आणि मूल मात्र दिवसभर दुसरीकडे, ही रीत इतकी रुळली की 2018 साली शासनाला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. बोटाचा ठसा मागावा लागणे ही महाविद्यालयाने दिलेली कबुलीच होती. आता सारा अभ्यास एका दुपारपुरता आवळला गेला आहे: 180 मिनिटे, 180 प्रश्न, 720 गुण, बरोबर उत्तराला चार, चुकल्यास एक वजा. मिनिटाला एक प्रश्न या गतीची सवय सोळाव्या वर्षापासून लावायची, तर त्या दिनक्रमात एखाद्या पानावर रेंगाळणे हा दोषच ठरणार.

या दिनक्रमातून सर्वांत आधी बाहेर गेली ती मराठी. अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत इंग्रजी अनिवार्य आहे. दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेता येते, त्याची परीक्षा संगणकावर होते आणि गुण भरघोस मिळतात. हिशेबी मूल काय निवडेल, हे सांगायला ज्योतिषी नको. 2020 च्या कायद्याने मराठी दहावीपर्यंत सक्तीची केली. 2024 साली ती अभिजात ठरली. मराठवाड्यातील हुशार म्हणून निवडलेली मुले मात्र तिचे पुस्तक दहावीलाच मिटतात. पुढे याच मुलांपैकी काही डॉक्टर होऊन विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात बसतील आणि समोरची बाई आपले दुखणे सरळ न सांगता सासर, शेत, उपास अशा वळणांनी सांगू लागेल. तिचे ऐकून घ्यायला मिनिटाला एक प्रश्न ही गती उपयोगाची नाही.

येथे नरहर कुरुंदकरांची आठवण अपरिहार्य आहे. नांदेडच्या या समीक्षकाला मराठी विचारविश्वात काय स्थान आहे, हे या वाचकवर्गाला सांगायला नको. पण हा माणूस इंटरच्या परीक्षेत एकाहून अधिक वेळा नापास झाला होता, हे मात्र पुन्हा सांगायला हवे. प्रतिभा निकेतन शाळेत त्यांनी मास्तरकी केली. पदवी पुढे यथावकाश मिळवली. पीपल्स कॉलेजात ते मराठीचे प्राध्यापक झाले आणि पुढे तेथेच प्राचार्य. रिचर्ड्सच्या कलामीमांसेपासून मनुस्मृतीपर्यंत ज्याची बुद्धी फिरली, त्याच्या वाचनाचा परीक्षेशी संबंध नव्हता. किंबहुना तोच त्याच्या नापास होण्याचा एक अर्थ होता.

यावर आक्षेप येईल की कुरुंदकर एकच झाला. नापास होणारे हजारो असतात आणि ते कुरुंदकर होत नाहीत. आक्षेप रास्त आहे. नापास होण्यात प्रतिभा असते, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही विचारतो ते नांदेडविषयी. ज्या गावाने एका नापास तरुणाला शाळेत घेतले, त्याच्याशी वाद घालणारी माणसे दिली, त्याच्या व्याख्यानांना गर्दी केली आणि अखेर महाविद्यालयाचे दार उघडले, ते गाव आज कोठे आहे? नंबर न लागलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला आपली भाषा 'रिपीटर' याशिवाय दुसरे नाव देत नाही. हे नाव सोसवत नाही म्हणून जीव देणाऱ्या मुलांच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो.

अशा मुलासाठी दुसरे दार असायला हवे होते ते मराठी विभागाचे. आम्ही तेथे काय मांडून ठेवले आहे? अपेक्षित प्रश्नसंच, गाईड, 'वाङ्मयीन वैशिष्ट्ये लिहा' या प्रश्नाची आठ मुद्द्यांची तयार उत्तरे. कादंबरी न वाचता कादंबरीवर साठ टक्के मिळवण्याची सोय आम्ही केली आहे. नेट परीक्षेतला वर्णनात्मक पेपर 2012 साली गेला आणि ग्रंथ-ग्रंथकारांच्या जोड्या लावणारे चार पर्याय आले, तेव्हा मराठी विभागांनी त्याच्या तयारीचे वर्ग काढले; विरोधाचा आवाज क्षीण होता. आज साहित्याचा प्राध्यापक होण्यासाठी एकही सलग परिच्छेद लिहून दाखवावा लागत नाही अशा परीक्षेतून जावे लागते. ट्यूशन एरियाला हसणाऱ्यांनी आपल्या घरातला हा ट्यूशन एरिया पाहावा. लातूरच्या शिकवणीवाल्याने निदान मुलाला फसवलेले नाही. जे देतो म्हणाला, ते देण्याची त्याने धडपड केली. आम्ही साहित्य देतो म्हणालो आणि नोट्स दिल्या.

तेव्हा आमचे मागणे दोन बाजूंना आहे. शासनाकडे असे की अकरावी-बारावीच्या प्रत्येक शाखेत मराठी परत आणावी, पण गुणांच्या शर्यतीबाहेर: उत्तीर्ण-अनुत्तीर्ण एवढाच शेरा, आणि वर्षाला एक अखंड पुस्तक. स्वतःकडे मागणे अधिक कठीण आहे. ते पुस्तक वर्गात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, त्यावर प्रश्नसंच काढायचा नाही, आणि मुलाने चुकीचे पण स्वतःचे मत लिहिले तर त्याला तयार उत्तरापेक्षा अधिक मान द्यायचा. पहिले मागणे मंत्रालयात किती वर्षे पडून राहील, कोण जाणे. दुसऱ्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. येत्या जूनमध्ये नंबर न लागलेली काही मुले नाइलाजाने बी. ए.च्या पहिल्या वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसतील. 'काय वाचतोस?' हा तिसरा प्रश्न त्यांना विचारण्याचे काम आमचे आहे.