गणवेशापलीकडचा वैमानिक

हाँगकाँगच्या टीव्हीबी वाहिनीने २००३ साली ‘ट्रायम्फ इन द स्काइज’ ही वैमानिकांच्या जीवनावरील ४० भागांची मालिका दाखविली. २०१३ साली तिचे दुसरे पर्व आले. शिकाऊ वैमानिकांची धडपड तीत दिसली, हे तिचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. परंतु प्रेक्षकांच्या स्मरणात राहतात ते गणवेश आणि प्रणय. याच मोहाने आपल्याकडील मुलेही या पेशाकडे ओढली जातात व आईबाप कर्ज काढतात. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते; पुढे ठराविक मुदतीची वैद्यकीय तपासणी आणि रात्रीची जागरणे आहेतच. विमान सुखरूप उतरते ते शिस्तीमुळे, रुबाबामुळे नव्हे. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी आईबापांनी मुलांना एवढे अवश्य सांगावे.